पूल बंद असताना

"पूल गेला!" मावशींनी हेडफोन एका कानावरून सरकवत आरोळी ठोकली.

"गेला म्हणजे? पडला की बंद?" नकाशेबाईने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"पडला असता तर मी एवढ्या हळू ओरडले असते का? ट्रक आडवा झालाय मधोमध. वाहतूकवाले म्हणतात, संध्याकाळपर्यंत पुलाचं नाव काढू नका."

नकाशेबाईने पडद्यावर नदीच्या दोन काठांना जोडणारी जाड रेघ शोधली आणि ती पुसली.

रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये तिला या नावानेच सगळे ओळखत. फोन घेणाऱ्या बायकांच्या दोन रांगा संपल्या की कोपऱ्यात एक अर्धी काच होती आणि त्या काचेमागे तिचं टेबल. शहरातला कुठला रस्ता खणला, कुठे पाणी तुंबलं, कुठली गल्ली एकेरी झाली, हे सगळं तिच्याकडे यायचं. ती ते पडद्यावरच्या जाळ्यात भरायची. जाळं म्हणजे चौकांचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या रेघा. रुग्णवाहिकेच्या प्रत्येक ठाण्यापासून प्रत्येक चौकापर्यंत सगळ्यात लवकर पोचवणारा रस्ता कोणता, हे तिचा प्रोग्राम तयार ठेवायचा, आणि फोन आला की तोच रस्ता ड्रायव्हरसमोर उमटायचा.

पूर्वी तिथे दुसरा प्रोग्राम होता. एखादी बोळकंडी जरी बंद झाली तरी तो अख्ख्या शहराचे रस्ते पहिल्यापासून मोजायला बसायचा. त्याला अर्धा तास लागायचा, आणि तोवर गाड्या जुन्याच रस्त्यांनी पळायच्या. एकदा एक ड्रायव्हर गाडी ठाण्यात लावून तडक तिच्या टेबलाशी आला होता. बाळंतपणाच्या बाईला घेऊन तो खणलेल्या रस्त्यापुढे अडकला होता आणि बाळ गाडीतच झालं होतं. सुदैवाने दोघं सुखरूप होती. "बाई, तुमच्या नकाशात रस्ता आहे," तो म्हणाला, "माझ्या गाडीपुढे खड्डा आहे. आता कुणाचं खरं धरू?"

ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. तिने नवा प्रोग्राम लिहायला घेतला तो त्या दिवसापासून. एक रस्ता बदलला तर सगळं शहर कशाला मोजायचं? ज्यांना त्या बदलाची झळ लागते तेवढेच चौक हुडकायचे, बाकीच्यांना हातही लावायचा नाही. सांगायला सोपं होतं. नवा रस्ता उघडला तर करायलाही सोपं होतं, कारण तो कुणाकुणाला जवळचा पडतो एवढंच पाहायचं. रस्ता बंद झाला की मात्र खरी पंचाईत. त्याच्या भरवशावर कोणकोण होतं ते शोधा, त्यांचे जुने आकडे पुसा, मग शेजारच्या चौकांकडून त्यांच्यासाठी दुसरी वाट काढत काढत पुढे जा. एक जरी चौक विसरला तर गाडी बंद रस्त्यावर जाऊन उभी. अनेक वर्षं ती ऑफिस आटोपल्यावर घरी जेवणाच्या टेबलावर हेच करत बसली होती.

ते तिच्या नवऱ्याला सगळ्यात आधी समजलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. मित्र त्याला भिंगवाला म्हणायचे. तिने मीठदाणी, पेले आणि चमचे मांडून त्याला सगळं समजावलं, तेव्हा त्याने चमचा उचलून विचारलं, "म्हणजे चष्म्याचा एक स्क्रू सैल झाला, तर तुमचा जुना प्रोग्राम गिऱ्हाइकाला नवे डोळे बसवायचा?"

"तसंच."

"आणि तू फक्त स्क्रू आवळणार."

"स्क्रूच्या भरवशावर काय काय आहे ते पण बघणार."

"मग एवढं डोकं धरून का बसलीयेस?"

"कारण एखादा स्क्रू असा असतो, की तो निघाला तर सगळा चष्माच हातात येतो. पूल तसा आहे. तो बंद झाला तर अर्ध्या शहराचे रस्ते बदलतील. तेव्हा माझा प्रोग्राम जुन्यापेक्षाही मागे पडेल."

उठून त्याने तिच्यापुढे सफरचंदाच्या फोडी आणून ठेवल्या होत्या आणि चमचे तसेच राहू देऊन टेबलाच्या उरलेल्या कडेवर स्वतः जेवला होता. असं किती दिवस चाललं असेल! घरातली तीन माणसं एका टेबलाच्या एका टोकाला दाटीवाटीने जेवायची, कारण दुसऱ्या टोकाला शहर मांडलेलं असायचं.

तिसरे म्हणजे तिचे सासरे. ते दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीतली माणसं खोकला-पडसं झालं की आधी त्यांच्याकडे यायची. लोक त्यांना अर्धे डॉक्टर म्हणायचे, आणि ते ऐकून उरलेले अर्धे ते आपले आपण व्हायचे. सुनेच्या कामाबद्दल त्यांचं एकच मत होतं. "पोरी, आमच्या वेळी ड्रायव्हरला रस्ते पाठ असायचे. तुम्ही रेघा पुसायचा पगार घेता."

"आणि काढायचा पण, बाबा," ती म्हणायची, आणि दोघंही हसायचे.

आज पूल खरोखरच बंद झाला होता. तिने रेघ पुसली, बटण दाबलं, आणि नदीच्या दोन्ही बाजूंचे ठिपके एकामागून एक रंग बदलत गेले. पेटत्या कागदाची कड पुढे सरकावी तसा तो रंग पसरला. बाजारपेठेजवळ थांबला, स्टेशनाच्या बाजूने थोडा पुढे गेला आणि विझला. पापणी लवते न लवते तोच सगळं झालं होतं. गेल्याच वर्षी तिने त्यात सुधारणा केली होती. झळ फार दूर जातेय असं दिसलं, तर चौक एकेक न हाताळता वस्तीच्या वस्ती एकदम हलवायची.

"झालं?" मावशींनी काचेवरून डोकावून विचारलं.

"झालं."

"मग तोंड असं का? हस की जरा. तुझा पूल पास झाला."

ती हसली. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायचं, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं. आज त्याला सुट्टी होती. ती पहाटेच निघाली तेव्हा तो गाढ झोपेत होता.

मावशींच्या टेबलावरचा दिवा लागला. मावशींना एक सवय होती. समोरचा माणूस जे सांगेल ते त्या मोठ्याने पुन्हा म्हणायच्या. नव्या मुली त्याला हसायच्या, पण घाबरलेल्या माणसाला आपलं म्हणणं कुणीतरी ऐकतंय याचा त्यामुळे धीर येतो, असं मावशी सांगायच्या.

"बोला… छातीत दुखतंय? कुणाला, तुम्हाला?… मुलाला. वय?… घाम आलाय. बरं. दुखतंय कधीपासून?… सकाळपासून? आजोबा, सकाळपासून?… गोळी दिलीत. कसली?… पित्ताची. बरं, बरं. आता दुसरं काही देऊ नका. श्वास घेतायत ना?… पत्ता सांगा."

मग मावशींनी पत्ताही मोठ्याने म्हटला.

नकाशेबाई उठून उभी राहिली. गल्ली तिची होती आणि इमारतही तिचीच. दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार. ती काचेच्या बाजूने बाहेर आली आणि मावशींच्या खुर्चीमागे येऊन थांबली. मावशींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"तुझं घर?"

तिने मान हलवली.

"अगं मग जा ना! पळ!"

"गाडी वळू दे," ती म्हणाली. तिचं तिलाच आपलं बोलणं लांबून ऐकू येत होतं. "चौकात गाडी वळू दे."

गाडी नदीपलीकडच्या ठाण्यातून सुटली होती. अलीकडच्या ठाण्याच्या दोन्ही गाड्या त्या ट्रकच्या अपघाताकडे गेल्या होत्या. एरवी ती पुलावरून आली असती. पडद्यावरचा हिरवा ठिपका चौकापर्यंत आला, पुलाच्या तोंडाशी एक क्षण रेंगाळला आणि डावीकडे वळला. रेल्वेखालच्या बोगद्यातून, कापडगिरणीच्या मागून, शाळेच्या कुंपणाजवळून. तिच्या प्रोग्रामने दाखवलेला नेमका तोच रस्ता. त्यानंतर नकाशेबाई धावली.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा सासरे व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय उघडाच. आतून एक तरुण डॉक्टर बाहेर आली आणि हातातला कागद लिहायच्या फळीवर ठेवून तिने विचारलं, "यांना दुखायला कधी लागलं?"

"आत्ताच," सासरे म्हणाले. "थोड्या वेळापूर्वी."

नकाशेबाईने त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. डॉक्टर पुन्हा आत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता, आणि ती दोघांच्या समोर न थांबता येऊन त्यांच्या शेजारी बसली. त्यावरूनच नकाशेबाईला कळलं.

"आम्ही खूप प्रयत्न केले. पण इथे पोचायला उशीर झाला होता."

"उशीर झाला," सासऱ्यांनी ते शब्द उचलले. "गाडी उशिरा आली. मी जिन्यात उभा होतो. किती वेळ उभा होतो मी! गाडीच येईना."

नंतरच्या दिवसांत घरात माणसांची ये-जा सुरू राहिली. जो येई त्याला सासरे हेच सांगत. गाडी येईना. पूल बंद होता म्हणे. म्हणजे काय, दुसरा रस्ता नाही? ऐकणारे मान हलवत आणि म्हणत, हल्ली सगळीकडे असाच कारभार आहे. दूर राहणारी नणंद आली होती. ती भावाचे शर्ट मांडीवर घेऊन बसायची आणि वडिलांच्या प्रत्येक वाक्याला हुंदका द्यायची. नकाशेबाई चहा करायची, कप विसळायची, पुन्हा चहा करायची. आपल्या डोळ्यांना पाणी का येत नाही, हे तिला कळत नव्हतं.

नवऱ्याचा चष्मा घरी नव्हता. दवाखान्यातल्या पिशवीत आला असेल म्हणून तिने शोधला, पण तिथेही नव्हता. दुसऱ्यांच्या चष्म्याचे स्क्रू आवळणाऱ्या माणसाचा स्वतःचा चष्मा कुठेतरी गाडीत नाहीतर जिन्यात पडला, आणि तो पुन्हा कुणाला सापडला नाही.

ती कामावर परतली त्या दिवशी मावशींनी तिचा हात हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. फोन वाजला तेव्हा दुसऱ्या हाताने घेतला.

नकाशेबाईने काचेमागे बसून पहिलं काम केलं ते हे. त्या दुपारचं जाळं जसंच्या तसं पडद्यावर आणलं. बंद पूल, तुंबलेला बाजार, कुठली गाडी कुठल्या ठाण्यात होती, सगळं. मग तिने जुना प्रोग्राम काढला, अर्धा तास घेणारा, काहीही गृहीत न धरता अख्खं शहर पहिल्यापासून मोजणारा. तो सुरू करून ती वाट बघत बसली.

इतकी वर्षं तिने या दोघांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून तपासली होती, आणि दर वेळी ती जुळावीत म्हणून तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. आज पहिल्यांदाच ती जुळू नयेत असं तिला वाटत होतं. कुठेतरी आपली चूक निघावी. एखादा चौक राहून गेलेला असावा, एखादी आडवाट असावी, जिच्यावरून गाडी तीन-चार मिनिटं आधी पोचली असती. मग रडायला तरी जागा मिळाली असती. मग सासऱ्यांना सांगता आलं असतं की बाबा, तुमचं खरं आहे.

उत्तर आलं. रेल्वेखालचा बोगदा, कापडगिरणीची मागची बाजू, शाळेचं कुंपण. फोन खाली ठेवल्यापासून गाडी दारात लागेपर्यंत सात मिनिटं. याहून लवकर पोचायला त्या दिवशी शहरात रस्ताच नव्हता.

तिने पुन्हा एकदा तपासलं. मग जाळ्यातला एकेक रस्ता बोटाने चाचपला. चूक नव्हती. जुना प्रोग्राम असता तर गाडी पुलाच्या तोंडाशी जाऊन ट्रकमागे अडकली असती. तिच्या कामाने जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं केलं होतं. उरली होती ती फक्त सकाळ. त्या सकाळी तिचा नवरा वडिलांना म्हणाला असेल, बाबा, छातीत कसंतरी होतंय. आणि आयुष्यभर लोकांना औषधं देणारे त्याचे वडील म्हणाले असतील, पित्त आहे, ही घे गोळी, पड जरा.

थोड्या दिवसांनी कंट्रोल रूमच्या साहेबांनी तिला बोलावलं. साहेब भला माणूस. तिला खुर्ची दिली, स्वतः मात्र उभेच राहिले.

"तुमच्या सासऱ्यांची तक्रार आलीय. वरच्या ऑफिसात. गाडी उशिरा आली म्हणून."

"मला माहीत नव्हतं."

"चौकशी होईल. तशी घाबरायची गोष्ट नाही. गाडीची वेळ आपल्याकडे आहे. पूल बंद असताना सात मिनिटं! खरं तर तुमच्या कामाचं…" ते अडखळले. "माफ करा. मला म्हणायचं होतं, आपल्या बाजूने सगळं चोख आहे. फक्त एकच. फोनवर ते सकाळपासून दुखतंय म्हणाले होते. चौकशीत ते निघणारच. त्यांना समोर बसवून विचारतील."

तिच्या डोळ्यांपुढे एक टेबल आलं. एका बाजूला तीन-चार अधिकारी, आणि दुसऱ्या बाजूला सासरे, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि त्यांना कुणीतरी अगदी सभ्यपणे विचारतंय, की आजोबा, मग तुम्ही सकाळीच फोन का नाही केला?

"त्यांनी तक्रार मागे घेतली तर?"

"तर प्रश्नच मिटला. पण ते का घेतील?"

"मी बोलते त्यांच्याशी," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी घरात ती दोघंच होती. सासरे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. आता सगळं टेबल मोकळं होतं, तरी ते नेहमीच्याच टोकाला अंग चोरून बसले होते.

"बाबा, तुम्ही तक्रार केलीत?"

"केली. करणारच. तुझी नोकरी तिथे आहे म्हणून गप्प बसू? माझा मुलगा गेलाय." त्यांचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "तू तिथलीच आहेस ना? मग तूच सांग. गाडी वेळेवर आली असती तर तो वाचला असता की नाही?"

ते तिच्याकडे बघत होते. दवाखान्यातल्या त्या बाकानंतर पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत बघत होते. त्या नजरेत राग होता, पण रागाच्या मागे दुसरंच काहीतरी होतं. बुडणारा माणूस फळीकडे बघतो, तसं काहीतरी. गेले काही दिवस ते जेवत नव्हते. रात्री उठून मुलाच्या खोलीच्या दाराशी उभे राहत. ती जर आता म्हणाली, की बाबा, गाडी वेळेवरच आली होती, तर त्यांच्या हातातली फळी सुटणार होती.

"वाचला असता," ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले.

"पण ड्रायव्हरची काही चूक नव्हती, बाबा. पूल बंद झाला ना, तेव्हा दुसरा रस्ता शोधायचं काम माझ्या प्रोग्रामचं होतं. त्याला वेळ लागला. पूल मोठा बदल असतो. मी याच टेबलावर बोलले होते ना मागे, की पूल बंद झाला तर माझं काम मागे पडेल? तसंच झालं. मी ते आधीच नीट करायला हवं होतं. नाही केलं."

"म्हणजे तुझ्यामुळे…"

"हो."

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सासऱ्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले, त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं, मग उठून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार मागे घेतली. सुनेला चौकशीपुढे उभं करण्याची त्यांची तयारी नव्हती. पण ते तिच्याशी बोलेनासे झाले. तिने केलेलं जेवण जेवायचे, कप धुऊन ठेवायचे, आणि ती समोर आली की नजर खाली घालायचे. नणंदेला त्यांनी फोनवर सांगितलं असावं. एका रविवारी ती आली आणि दारातच म्हणाली, "वहिनी, दिवसरात्र त्या मशीनपुढे बसायचीस. माझ्या भावाने तुझ्यासाठी टेबलाच्या कडेवर बसून जेवण केलं. आणि त्याच मशीनने त्याला वेळेवर गाडी दिली नाही?"

"आत तर या," नकाशेबाई म्हणाली. "बाहेर ऊन आहे."

मावशींना हे कळलं तेव्हा त्या खवळल्या. दुपारच्या सुट्टीत तिला जिन्याखाली ओढत नेलं. "अगं, मी ऐकलंय ना सगळं या कानांनी! सकाळपासून म्हणाला तो म्हातारा. मी येते आणि सांगते सगळ्यांना. एवढी वर्षं घालवलीस त्या कामात, आणि आता जगभर सांगत फिरतेस की ते वाया गेलं म्हणून?"

"मावशी, माझ्या कामाला मी नावं ठेवली तर त्याचं काय बिघडणार आहे? ते चालतंच आहे. आज सकाळीच बाजारातला रस्ता बंद झाला, त्याने बघा कशा पटकन वळवल्या सगळ्या गाड्या. बाबांना मात्र जगायचंय अजून."

"आणि तुला?"

तिने मावशींच्या खांद्यावर पडलेली हेडफोनची वायर नीट केली आणि ती जिना चढून वर गेली.

वर्ष सरत आलं तेव्हा आजूबाजूच्या चार-पाच शहरांनी तिचा प्रोग्राम घ्यायचं ठरवलं. सगळ्या ठिकाणची माणसं आली. ऑफिसच्या मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. आदल्या दिवशी साहेब तिच्या टेबलाशी आले होते, घुटमळत. "पुलाच्या दिवसाचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. पण तुमची हरकत असेल तर मी दुसरं घेतो."

तिने थोडा विचार केला. "पुलाचंच घ्या," ती म्हणाली. "फक्त गल्लीचं नाव सांगू नका."

दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या रांगेत बसली. पडद्यावर नदी आली, पूल पुसला गेला, रंग पसरला आणि विझला. मग हिरवा ठिपका निघाला. चौकापर्यंत आला, डावीकडे वळला. "बघा," साहेब सांगत होते, "पुलासारखा रस्ता गेला, शहराचे दोन तुकडे झाले, तरी गाडी क्षणभरही चुकली नाही. अख्खं शहर नव्याने मोजलं असतं, तरी उत्तर हेच आलं असतं, आणि ते येईपर्यंत अर्धा तास गेला असता. इथे आपल्याला पाहिजे तेव्हा उत्तर तयार होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या शेजारी बसलेल्या पाहुण्याने वाकून विचारलं, "पेशंट वाचला असेल ना?"

"नाही," ती म्हणाली. "त्याला आधीपासून दुखत होतं."

तिला एक शाल आणि चकचकीत काचेचं मानचिन्ह दिलं. दोन्ही तिने मावशींच्या कपाटात ठेवली आणि घरी निघाली.

दार उघडलं तेव्हा सासरे पुढच्याच खोलीत होते. दिवा न लावता बसले होते. तिने चपला काढल्या, पिशवी ठेवली, आणि ती स्वयंपाकघराकडे वळली. मागून त्यांचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी.

"पोरी."

ती थबकली.

"तो तुझा प्रोग्राम… केलास का दुरुस्त?"

"हो, बाबा."

"म्हणजे आता पूल बंद झाला तरी गाडी वेळेवर येईल?"

"येईल."

"नक्की?"

"नक्की. आज तपासून बघितला सगळ्यांसमोर."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "मग बरं झालं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला मिळेल वेळेवर." मग हल्ली हातात आलेल्या काठीचा आधार न घेता ते उठले, तिच्यापाशी आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता, वाळलेला. "मी रागावलो होतो तुझ्यावर. फार रागावलो होतो. पण तू काय मुद्दाम केलंस? माणसाच्या हातून होतं असं. आता मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला माफ केलंय."

आणि तिला रडू फुटलं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. ती उभी होती तिथेच भिंतीला पाठ टेकवून खाली बसली आणि लहान मुलीसारखी हमसाहमशी रडायला लागली. सासरे गोंधळले. ते लगबगीने आत गेले, पेला भरून पाणी घेऊन आले, आणि कष्टाने गुडघे वाकवून तिच्या शेजारी जमिनीवर बसले. पेला त्यांनी तिच्या ओठांशी धरला. दवाखान्यात आयुष्यभर धरला असेल तसा, एक थेंबही न सांडता.

"उगी," ते म्हणत होते. "झालं ते झालं. तुझी काय चूक गं? उगी."

बाहेर अंधार पडत होता. सासरे समजूत घालत राहिले, आणि ती घालून घेत राहिली.